हाकेचं माप

सावद्याला, केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवर
आम्ही पट्टी बसवली.
दोनशे छप्पन्न अँटेना एका ओळीत, तुरीच्या दाण्याएवढ्या,
बाजूला लॅपटॉप, त्यावर ओला पंचा,
कारण मे महिना,
आणि कठडा हात टेकू देत नव्हता.

लोटन फेगडे शिवारात.
काठीला बांधलेला रिसीव्हर, खांद्यावर बॅटरी.
तो चालायचा, मी शोधायची.

शोधायचं म्हणजे
एक अरुंद झोत सोडायचा, उत्तर येतं का बघायचं,
किंचित सरकायचं, पुन्हा सोडायचा.
डोंगराच्या अंगापासून तापीच्या अंगापर्यंत
सगळा उजेड कंगव्यानं विंचरल्यासारखा.
तोवर लोटन दोन बांध पुढे.

लांब होता तोवर सोपं होतं.
कोसभर गेली की लाट वाकायचं विसरते,
सरळ होते, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.
कोन सापडला की झालं.
तो दहा पावलं अलीकडे आहे की पलीकडे
ते विचारावंही लागत नाही.

मग तो बागेत आला, गच्चीपासून शंभर पावलांवर,
आणि सगळं बिघडलं.
जवळ लाट गोल असते,
विहिरीत खडा पडल्या पडल्या असते तशी.
कोन बरोबर, तरी आकडा खाली.
आता कोनही हवा, अंतरही हवं,
आणि दोनशे छप्पन्नची यादी हजारांवर गेलेली.
त्यात केळीचं पान:
पाण्यानं भरलेलं, वाऱ्यानं जरा कलतं,
आमचा झोत पिऊन पुन्हा साळसूद उभं.

तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता लोटन म्हणाला,
‘ताई, म्हैस हरपली तं
अख्खं शिवार चाळत नाई कोनी.
आदी पुसायचं, नदीकडे गेली का डोंगराकडे.
मंग शेन पाह्यचं, कुठलोक सांडलं.’
मी हसले. कळण्याची भाकरी, वर ठेचा,
हसताना ठसका लागला.

रात्री तेच लिहिलं.
आधी लांबवाल्यांचे झोत, रुंद, मोजकेच.
जवळचा माणूस एका झोतात मावत नाही,
शेजारच्या चार-पाचांवर सांडतो.
सांडलेल्याच्या मधोमध त्याची दिशा,
आणि सांडलं किती रुंद, त्यात त्याचं अंतर.
मग तेवढ्यातच बारीक शोध.
हजाराच्या ठिकाणी तीस-बत्तीस हाका.
सकाळी लोटन घडाखाली वाकला होता
तिथं सापडला, वाकलेलाच.

हे सगळं फैजपूरला आईला सांगायचं होतं.
तिचा डावा कान जिनिंगमध्ये गेला,
सरकी आणि कापूस वेगळं करणाऱ्या त्या आवाजात.
सुरतेहून भाऊ फोनवर ओरडतो,
ओसरीतून, रस्त्यातून, कुठूनही,
आणि तिला वाटतं, ऐकू आलं.
मी घरात असते, मला तसं चालत नाही.
उजवीकडे बसावं लागतं,
गुडघ्याला गुडघा लागेल इतकं,
तोंड कानापासून वीतभर.
हातभर लांब गेले तर ती नुसती मान हलवते,
अगदी जवळ गेले तर म्हणते, ओरडू नको.

ती जागा मी शोधत नाही.
काल जिथं होती तिथूनच सुरू करते.

काल रात्री ती वांगी भाजत होती,
काड्यांचा धूर, तोंड चुलीकडे.
मी नेहमीच्या जागी बसले, म्हटलं,
आई, आमचं यंत्र चाललं.
ती वळली नाही.
वांग्याची साल तडकली, तिनं बोट मागं घेतलं.
मी थोडी पुढे सरकले. पुन्हा म्हटलं.
मग थोडी डावीकडे,
जिकडे काही नसतं हे माहीत असून.