शून्य रुंदी

आचऱ्याला, बर्फाच्या कारखान्यामागं
सोसायटीच्या ऑफिसात एकच संगणक.
काळा पडदा, राखाडी अक्षरं,
पापलेटाच्या पाठीसारखी.
त्यात भरती-सुकतीच्या वेळा सांगणारा
एक छोटा प्रोग्राम मी लिहून ठेवलाय,
आणि तो कसा चालवायचा याचं पान,
जे यंत्र स्वतः कडा छाटून, ओळी बसवून दाखवतं.

सोमवारी मनस्वी पराडकर म्हणाली,
"तुमच्या पानावरची आज्ञा जशीच्या तशी उचलली.
म्हणतंय, असा पर्यायच नाही."
मी पाहिलं. आडवी रेघ होती. आडवीच होती.
पण ती जोडरेघ, शब्दाला शब्द बांधायची सुतळी.
यंत्र थांबलं होतं उणेसाठी.
सख्ख्या बहिणी दोघी,
एकीलाच दारात घेतात.
मग प्रत्येक रेघेआधी एक उलटी तिरकी दिली: \-
सत्तावीस ठिकाणी. चहा निवला.

मग अंश. सोळाच्या डोक्यावरचं ते वाटोळं
उमटायचं प्रश्नचिन्ह होऊन,
सोळा? बारा,
जसं काही आमचं बंदर कुठं आहे
ते नक्की कुणालाच ठाऊक नाही.

आणि गावाचं नाव.
आचऱ्याचं लिहावं, तर रफार उडून यच्या डोक्यावर,
कुणा आचार्याचा धाकटा भाऊ वाटावा असा.
तळाच्या दऱ्या लिहिल्या की नुसता दर्या.
रच्या पोटाशी न दिसणारा एक सांधा द्यावा लागतो,
तेव्हा कुठं दरी खोल होते.

गुरुवारी पास्कू रॉड्रिग्ज आला,
गुडघ्यापर्यंत रेव.
"होडी चार तास बसली रे खाडीच्या तोंडार.
दारार लावलेल्या तुझ्या कागदार
अमावास्येची सुकती खंय आसा?"

नव्हती. मी लिहिली होती, आणि नव्हती.
ती ओळ सुरू होत होती ठिपक्यानं,
शून्य न लिहिता, नुसतं .३ मीटर,
आणि ओळीच्या तोंडाशी ठिपका दिसला
की यंत्राला वाटतं, हुकूम आला.
हुकूम ओळखीचा नसला तर गिळतं,
ढेकरही देत नाही.

दोष त्याचा नाही. शून्याचा कंटाळा माझा.
हे पास्कूला सांगायला
मला बराच वेळ लागला.

ठिपक्याआधी एक खूण घातली,
जागा न घेणारी, न उमटणारी,
नुसती ठिपक्याला आडोसा देणारी.
पान पुन्हा उघडलं. ओळ वर आली,
खडक उघडा पडावा तशी.

"दाखव," पास्कू म्हणाला, "काय घातलंस तां."
"दिसत नाही ते."
"मगे आसा कशावरून?"

वाकला. काचेवर बोट टेकवलं,
बराच वेळ.
तो गेल्यावर पाहिलं, तर
ठिपक्याच्या अगदी अलीकडे
चिकटून राहिलेला
एक खवला.