ओढून नेता येईल असं घर

नगरपालिकेच्या सभेत एकच प्रश्न आला:
फुकट आहे ना?
मी हो म्हणाले. शेवटची फेरीबोट सुटायला
वीस मिनिटं होती.

चिलोए बेटावरचं आमचं दफ्तर म्हणजे
जुन्या शाळेच्या तीन खोल्या, लाकडी खवल्यांच्या भिंती,
आणि एक शेगडी, जिच्याजवळ कागद न्यायचे नाहीत
आणि जिच्यापासून लांब माणसाला बसवत नाही.
साठ सालच्या लाटेनं खालच्या कप्प्यांवर
तपकिरी रेघ ओढली. मीठ अजून बोटांना लागतं.
पण समुद्रानं निदान कागद परत दिले.

सान्तियागोच्या कंपनीनं दिले नाहीत.
नऊ वर्षं आम्ही वर्गणी भरली आणि तिच्या प्रोग्रॅममध्ये भरत राहिलो
फोटो, बांधांचे तंटे, बुडालेल्यांच्या याद्या.
मग एका मार्चमध्ये फोन लागेना.
कंपनीनं गाशा गुंडाळला, किल्लीसकट.
चार हजार फोटो आहेत. आहेत म्हणजे
त्यांचं वजन दिसतं, गिगाबाइटमध्ये.

इतालो नान्कुपेल, चोवीस वर्षांचा,
सॅमनच्या कारखान्यातून कमी केलेला,
त्यानं जुन्या लॅपटॉपवर तीन मुक्त सॉफ्टवेअरं मांडली,
बाजारात बटाट्याचे वाण मांडावेत तशी.
हे देखणं, पण चित्रांपुरतं.
हे काटेकोर, पण त्याला पोसायला हत्तीएवढा सर्व्हर.
हे ओबडधोबड. शिजतं मात्र.
मी विचारलं, बाहेर कसं पडायचं?
तो हसला. आधी आत तर चला, एदेल्मीराबाई.
नाही. आधी दार दाखव.

तिसऱ्यात त्यानं एक फोटो घातला:
धक्क्यावर सात बायका, शिंपल्यांच्या टोपल्या,
मागची बाजू कोरी.
कर्ता कोण? शेजारी लाल चांदणी,
भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये मी तिथं ‘अज्ञात’ लिहीत असे.
त्या हिशेबानं बेटावरचा सर्वांत मोठा छायाचित्रकार
अज्ञात. एकशेतीस वर्षं जगला.
इतालोनं आत कुठंतरी हात घालून एक ओळ बदलली.
चांदणी गेली.
भाषांच्या यादीत फिनिश होती, लॅटिन होती,
आमच्या जुन्यांची वेलिचे नव्हती.
त्यानं ती लिहिली. यादी सरकली,
बाकावर कुणी सरकून जागा द्यावी तशी.
मग एक बटण, आणि सगळं बाहेर,
साध्या मजकुरात: बायका सात, टोपल्या सहा.
मोजल्या. सहाच होत्या.

मी नऊ वर्षांची असताना आमचं घर खाडीपलीकडं नेलं.
पाडून नाही, अख्खं.
ओंडक्यांवरून, बैलांच्या आठ जोड्यांनी,
भरतीला पाण्यात सोडून पुढं होड्यांनी ओढत.
खिडकीचे पडदे तसेच.
मिंगा म्हणतात याला. मजुरी कुणी घेत नाही.
पण त्या रात्री दोन मेंढ्या कापल्या, पिंपभर सफरचंदी चिचा संपली,
आणि पुढं कित्येक वर्षं बाबा खांद्यावर दोर टाकून
कुणाकुणाच्या घरापुढं चालत राहिले.

तेव्हा फुकट नाही, महापौरसाहेब.
न पाहिलेल्या गावात कुणी रात्र जागून हा दोर वळलाय.
पुस्तिकेची चाळीस पानं आपल्या भाषेत आणणं
आपल्याकडं लागू आहे.
इतालोला पगार, बाराही महिने.
एक प्रत पलीकडच्या बेटावर,
कारण लाटेनं पुन्हा येणार नाही असं कुठं लिहून दिलंय?

हे मी सभेत बोलले नाही. अर्जात आहे, पान चौथं.

आज नोंद क्रमांक एक. सात बायका.
दुपारी एक म्हातारा हात शेकायला आला,
पडद्याकडं बघत राहिला.
खाली ती सावली दिसते ना, टोपीवाली,
ती माझ्या बापाची. कॅमेरा त्याच्याकडं होता.
मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं.
दारापर्यंत गेला, परत वळला:
की काकाची?

रकाना रिकामाच ठेवला.
टीपेत दोन्ही नावं लिहिली,
शेगडीत एक ओंडका सरकवला.