कायद्याने भाग पडेल तेवढं सोडून

सत्त्याऐंशी साली, पत्रा तालमीजवळच्या शाखेत
रुजू होताना मी एका कागदावर सही केली.
सायक्लोस्टाइल केलेला, ओळी तिरक्या.
खातेदाराची माहिती कुणालाही सांगणार नाही.
बायकोलाही नाही, सख्ख्या भावालाही नाही,
हे मी मनातून जोडलं.
तळाला एक बारीक ओळ होती:
कायद्याने भाग पडेल तेवढं सोडून.
ती वाचली नाही. चोवीस वर्षांचा होतो,
आणि पेढे वाटायचे राहिले होते.

सिद्रामप्पा हत्तुरे, सुताचे व्यापारी,
मार्च उलटला की यायचे.
टोपी काढून माझ्या लेजरवर पालथी ठेवायचे,
पंख्याच्या घरघरीत आवाज लपवून म्हणायचे,
"सायेब, असं एक खातं नाही काय,
जे फक्त मला अन् तुम्हाला म्हाईत?"
त्यांची चार होती.
एक स्वतःचं, एक मेव्हण्याचं,
एक दोन वर्षांच्या नातीचं,
आणि एक कुणा बी. एस. बिराजदारांचं,
ज्यांना आमच्या शाखेत
शिपायानंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

त्याच रांगेत, तीन माणसं मागे, राजमणी म्याकल.
हजार विड्या वळून, त्यातली छाट सोसून
उरलेलं आणायची. कधी साठ, कधी ऐंशी.
नोटांना तंबाखूचा वास,
कॅशियर त्या मोजताना शिंकायचा.
पासबुक घरी नेत नसे.
"इथंच असू द्या, सार.
मल्लेशमला दिसलं की संपलं."
माझ्या खणात, स्टॅम्पपॅडच्या डब्याखाली,
तिची अकरा वर्षं पडून होती.
नियमात बसत नव्हतं.
खण मात्र बसायचा, जरा ढकलला की.

मग कॉम्प्युटर आले. पॅन आलं, आधार आलं.
एका दुपारी आयकरवाला आला, साधा माणूस,
आधी पाणी मागितलं,
मग चार खात्यांचे उतारे.
बारीक ओळ तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचली,
साहेबांच्या केबिनमध्ये, चष्मा लावून.
उतारे दिले. बिराजदार त्या दिवशी वारले.
सिद्रामप्पांनी दंड भरला
आणि दिवाळीला शेंगाचटणीचा डबा घेऊन आले.
"भरलं की, सायेब. व्यवहार हाय."
टोपी नवी होती.

राजमणीचं खातंही सरकारला दिसतच होतं.
सगळं. आठ हजार दोनशे चाळीस.
सरकारनं पाहिलं असेल, नसेल,
पाहून पुढे गेलं असेल.

पण फॉर्ममध्ये एक चौकोन होता, मोबाईल नंबरचा.
मी रजेवर, मूळव्याधीचं ऑपरेशन.
नव्या पोराला चौकोन रिकामा ठेववेना.
त्यानं रेशनकार्डाच्या झेरॉक्सवरून
घरातला एकुलता एक नंबर उचलला.
पोरगा कामसू. त्याच्यावर राग धरता येत नाही,
मी धरून पाहिला.

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. ऐंशी रुपये जमा झाले,
आणि मल्लेशमच्या खिशात काहीतरी टुणकन वाजलं.
त्याला वाचता येत नव्हतं.
पानटपरीवरच्या पोरानं वाचून दाखवलं,
मोठ्यानं, शेवटच्या शिलकीसकट.

ती आली तेव्हा डाव्या हाताला फडकं होतं.
रांगेत उभी राहिली, तीन माणसं मागे, नेहमीसारखी.
मी नियम सांगायला लागलो,
वरून आलेलं पत्र, शेवटची तारीख, दंड.
ती ऐकत होती. मग म्हणाली,
"सार, सरकारला सांगू नका
असं मी कधी म्हटलं होतं काय?"

पैसे आदल्या दिवशीच गेले होते.
अंगठा तिचा, उजवा, तो चांगला होता;
स्लिप भरणारा हात मल्लेशमचा.
मी खण ओढला. पासबुक दिलं.
तिनं ते उलटंसुलटं पाहिलं
आणि विड्यांच्या सुपात पानांखाली सरकवलं.

निवृत्त झालो. अजून कुणी कुणी विचारतं,
भाचा, शेजारचे टॉवेलवाले,
लपवता येतं का हो बँकेत काही?
मी विचारतो, कुणापासून?
ते हसतात. त्यांना वाटतं, मी टाळतोय.

परवा विडी घरकुलच्या थांब्यावर राजमणी दिसली.
"ठेवते मी आता दुसरीकडं," एवढंच बोलली.
कुठं, ते मी विचारलं नाही.
बस आली. तिनं सूप आधी चढवलं, मग स्वतः चढली.