नावाडी, संवाद क्रमांक ४१२

तीनशे कोल्हे मारायचे होते मूळ खेळात.
इथे टॅकोमात रॉडरिक म्हणाला, तीस पुरेत,
आपल्या लोकांना एवढा धीर नाही.
मी एक शून्य खोडलं.
दोनशे सत्तर कोल्हे
जगले त्या दुपारी, कुणाला न कळता.

मग नावाडी.
धुक्यात, वल्ह्याला टेकून उभा,
येईल त्याला कोरियनमध्ये विचारतो,
जेवलास का?
बस, एवढंच. आणि पलीकडे सोडतो.

चाचणीला बसलेली पोरं गोंधळली.
कसलं जेवण? ही मोहीम आहे का?
बक्षीस काय?
एकाने तासभर भात शोधला, अख्ख्या नकाशावर.

रॉडरिकने सुचवलं: ‘स्वागत, प्रवाशा.’
चौकटीत नीट बसलं.
मी टाइप केलं, सेव्ह केलं.
सोलहून ह्वायंगचा निरोप आला
(नावाडी तिनेच लिहिलेला):
ठीक आहे. तुमचंच बरोबर असेल.

रात्री उशिरा सर्व्हरवर शिरले.
नावाड्याच्या पायाशी
कुणीतरी पाव ठेवून गेलं होतं.
तोच असणार, भात शोधणारा.
उचलायला वाकले,
तर खेळ म्हणाला,
ही वस्तू तुमची नाही.