नात्याचा रकाना

कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
एकतीस वर्षं झाली.
टाइपरायटरच्या 'र'चा पाय तुटलेला,
त्यामुळे माझ्याकडून जाणारे सगळे अर्जदार
जरा लंगडतच जातात.

एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत,
साखर पेठेतून चालत आली नरसव्वा येमुल.
बोटांना तंबाखू, पदराच्या गाठीत विडी कामगाराचं कार्ड.
"गफूर नदाफसाठी ल्ही," म्हणाली.
"चौकशीला म्हणून मंगळवारी नेलं.
शुक्रवारी गाडीतनं आणलं, वर चादर घालून.
चादर त्यानं विणलेली न्हवती."

मी छापील नमुना चढवला.
नाव. वय. धंदा. पत्ता.
मग तो रकाना :
मयताशी नाते.

"आई?"
न्हाई.
"मावशी? मानलेली बहीण?"
न्हाई रे. तो नदाफ, मी पद्मसाळी. त्याचं कुणीच न्हाई.
"मग तुम्ही कोण लागता?"
ती समोरच्या निंबाकडे बघत राहिली.
"भिंत," म्हणाली.

भिंतीच्या अलीकडे तिचं सूप, पलीकडे त्याचा माग.
अकरा वर्षं त्या खडखडाटावर तिनं विड्या वळल्या.
थोडा थांबला, म्हणजे धागा तुटला.
जास्त थांबला, म्हणजे चहा.
त्या मंगळवारी थांबला तो थांबलाच,
आणि शांततेनं तिला झोप येईना.

"मानलेली आई लिहू," मी म्हटलं, "काम होईल."
"लबाडी नको. खोटं लावून खरं मागू व्हय?"

खिडकीतल्या बाबूनं कागद तीनदा परत केला.
ज्याच्यावर अन्याय झाला तो हवा, नाहीतर वारस.
शेजाऱ्याचं काय काम?
माणूस वाईट नव्हता. जेवणाची सुट्टी जवळ आलेली,
शेंगाचटणीचा डबा अर्धा उघडा.
नरसव्वानं खिडकीत तोंड घातलं :
"सायेब, मागावर धागा तुटला
तर मालकाची वाट बघत्यात का?
जवळ असंल त्यो हात घालतो."

"हे रकान्यात बसत नाही," बाबू म्हणाला.

खरंच बसत नव्हतं. मी मोजलंय,
तिथं बावीस अक्षरं मावतात.

चौथ्यांदा कागद चढवला.
'शेजारी' टाइप केलं, मग ओळ सोडून
समासात घुसत, छापील रेघेवरून :
माग चालताना ऐकत होते. थांबला, तेही मीच ऐकलं.
तिनं सही केली तेलुगूत,
विडीचं तोंड मिटावं तशी गोल, घट्ट.

खाली थोडी जागा उरली होती.
अर्जदार क्रमांक दोन, मी टाइप केलं,
आणि पुढे माझं नाव : शिवलिंग हत्तुरे.
आडनावातला 'र' लंगडाच उतरला.

बाबूनं बराच वेळ वाचलं. डबा झाकला.
शिक्का मारला : आवक. दाखल नव्हे, आवक.

"म्हंजी घेतला?" जिना उतरताना तिनं विचारलं.
मी म्हटलं, "म्हणजे परत नाही दिला."