मागचा सिलिंडर

भोसरीला गुरुवारी वीज नसते,
म्हणून बुधवारी रात्रीच चढवली डायनोवर
सायगावकरांची व्ही-ट्विन.
जॉबकार्डावर त्यांच्याच अक्षरात तक्रार:
‘तीन हजारला अडखळते.
काळोखात जिना उतरताना
आहे वाटलेली पायरी नसावी, तशी.’

याआधी तिघांनी पाहिली होती.
तिघांनीही सेन्सर खोचला सायलेन्सरच्या टोकाला,
जिथे दोन्ही पाइपांचा धूर एक होतो.
आकडा आला तेरा पॉइंट तीन.
छान आहे. बिल घ्या.

मी दोन्ही बेंडना वेगळं भोक पाडलं,
नट वेल्ड केले, दोन सेन्सर बसवले.
पुढचा बारा पॉइंट तीन, पेट्रोल ढोसून सुस्त.
मागचा चौदा पॉइंट तीन, घशाला कोरड.
बेरीज करा, दोनाने भागा.
तीन गॅरेजं
या भागाकारात फसली.

पुढच्याला वारा आयता मिळतो.
मागचा सीटखाली
पुढच्याने तापवलेली हवा अंगावर घेत बसलेला,
आणि कंपनीने दोघांच्या ताटात
मोजून सारखंच वाढलेलं.

प्लग काढले.
एक काजळलेला, एक खडूसारखा पांढरा.
शौकतमामांनी पांढरा नखावर वाजवला,
म्हणाले, “हा पोरगा तक्रार करत नाही गं,
नुसता झिजतो.”

मामांचा उजवा कान गेलाय,
तीस वर्षं टेस्ट बेंचच्या डाव्या बाजूला उभं राहून.
कार्ब्युरेटरच्या काळात ते
दोन बोटांनी स्क्रू फिरवत, डोळे मिटून,
आणि पाव फेरा कमी की जास्त
हे डाव्या कानाला विचारत.
माझा लॅपटॉप त्यांना
शाळेच्या वहीमागच्या पाढ्यांसारखा दिसतो:
आडवे आरपीएम, उभा थ्रॉटल,
चौकटीचौकटीत आकडे.
आता दोन वह्या, एकेकाची वेगळी.

सत्तावीसशे पन्नास, वीस टक्के थ्रॉटल:
मागच्याला सहा टक्के जास्त.
तीन हजार: नऊ.
नको, आठ.
पुढच्याचे सात काढले.
रोलर फिरतो, पंखा ओरडतो,
बोंगाळेने आणलेली भुर्जी
टूलबॉक्सवर गार होते.
दीडला पुन्हा प्लग काढले.
दोन्हींवर तोच रंग,
चहा पिऊन झाल्यावर बशीत उरतो तो.
फाइलला नाव दिलं ‘नक्की-शेवटची’.
तिच्याआधी चार ‘शेवटच्या’ होत्या.

गुरुवारी पहाटे कोंढव्यातून बोपदेव घाट.
मामा मागे, हेल्मेटचा पट्टा सैल,
कान बाहेर राहावा म्हणून.
मी ओरडले, त्यांना ऐकू गेलं नाही.
तिसऱ्या वळणावर मुद्दाम गिअर न टाकता
तीन हजारवर धरून ठेवली.
पायरी होती.
जिथे असायला हवी होती तिथेच होती.
मला हसू आलं, काचेवर वाफ धरली.

वर चहाच्या टपरीशी थांबलो.
“बंद नको करूस,” मामा म्हणाले,
आणि गाडीला अर्धा वळसा घालून
वाकले, चांगला कान
मागच्या सिलिंडरकडे.
बराच वेळ. टपरीवाल्याचं दूध उतू गेलं.
“हा जेवला,” म्हणाले.
मग गुडघ्यावर हात टेकत उठले,
पुढे आले, पुन्हा वाकले.
“याच्या पानातलं काढलंस
ते विचारून काढलंस का?”

मी लॅपटॉप टाकीवर उघडला.
खाली पुणं धुरकट, मध्येच एखादा दिवा.
तीन हजार, वीस टक्के, पुढचा.
सहा-साडेसहाच्या मध्ये कुठेतरी
बोट थांबवून मी मामांकडे पाहिलं.
त्यांचे डोळे मिटलेले होते.