शेरा

बॅटरी गाडीची, पण गाडी नाही.
गाडीला इथं रस्ता कुठला;
सेपिक नदी हाच रस्ता, आणि तोही जागा बदलतो.
बॅटरीवर राउटर. पालींनी आत अंडी घालू नयेत म्हणून
वर आधी पत्र्याचा डबा पालथा घातला होता,
तर सिग्नल डब्यातच कोंडला.
आता प्लास्टिकचा आहे, बिस्किटांचा.

हिरवा दिवा लागतो
तेव्हा जग या ओसरीएवढं असतं.
पलीकडे ना मनोरा, ना उपग्रह,
जिल्ह्याचं इस्पितळ होडीनं दीड दिवस.
चाळीस पावलांच्या आत बसलात
तर एकमेकांना ऐकू येता.

संध्याकाळी टॅब्लेट मांडीला मांडी लावून बसतात,
माझा, रोझिनाचा, बेन्सन आला असेल तर त्याचाही.
कुणाला ताप, कुणाचं वजन, कुणाचा डोस राहिला,
ज्याच्याकडे जे आहे ते दुसऱ्याला द्यायचं.
तोंडातली सुपारी संपायच्या आत त्यांचं उरकतं.
चुन्याची बोटं काचेला लावू नका, मी रोज सांगतो,
आणि रोज काच पांढरी.

त्या मंगळवारी मी खालच्या गावाहून आलो,
टॅब्लेट मांडला,
आणि नदीकाठी एक बाळ जास्त झालं.

आई एक, जन्मतारीख एक,
डाव्या कानामागे तोच लाल डाग.
माझ्या यादीत ती कावंबी,
बापानं सांगितलेलं, त्याच्या कुळाचं नाव.
रोझिनाच्या यादीत येलिमा,
मामानं सांगितलेलं, त्याच्या कुळाचं.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
आम्हीही चुकलो नव्हतो.
पण दोन खरी माणसं शेजारी बसली
की यंत्राला जुळं दिसतं.

एक खोड, रोझिना म्हणाली.
मी येलिमा खोडलं.
मला बाप भेटला होता, एवढंच कारण.

आता खोडणं म्हणजे काय ते ऐका.
कागदावर रेघ मारली की झालं.
इथं नुसतं पुसून भागत नाही.
उद्या तिसरा येईल, त्याच्याकडे ते नाव असेल,
तो मायेनं म्हणेल, तुमचं हे राहिलंय, घ्या.
म्हणून पुसल्या जागी एक थडगं ठेवावं लागतं,
इवलंसं, आत कुणी नसलेलं,
येणाऱ्याला सांगायला
की हे गेलंय, परत आणू नका.

ठेवलं.
त्या रात्री मच्छरदाणीत
ते नाव मी एकदा मोठ्यानं म्हटलं. का, कोण जाणे.

तेवीस दिवसांनी बेन्सन वरच्या ओढ्यातून उतरला.
लसीची पेटी रिकामी, पोटऱ्यांवर जळवांचे डाग,
टॅब्लेट तीन पिशव्यांत गुंडाळलेला.
जाताना तो रोझिनाची यादी घेऊन गेला होता.
माझं थडगं त्याला ठाऊकच नव्हतं.

तो पायरीवर असतानाच पडदा थांबला.
इथं थडगं.
तिथं येलिमा, चार किलो सहाशे,
दुसरा डोस, डावी मांडी,
'रडली, मग मामाच्या खांद्यावर झोपली.'
कोणतं ठेवू?

मामानं तिला आजोळी नेलं होतं.
तीन आठवडे माझ्या लेखी नसलेली पोर
तिथं सातशे ग्रॅमनं वाढली होती.

दोन बटणं होती, ठेवा आणि खोडा.
मी दोन्ही दाबली नाहीत.
डोस कावंबीच्या ओळीत उतरवला,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
आजोळी येलिमा म्हणतात.

मग रोझिना म्हणाली, आईला विचारलंस?
विचारलं नव्हतं. तिनंही नाही, बेन्सननंही नाही.
आई दुसऱ्या दिवशी आली, साबुदाण्याच्या पिठानं हात माखलेले,
पोर पाठीवरच्या जाळीच्या पिशवीत.
ती हसली, आणि तिचं तिसरंच नाव सांगितलं,
घरातलं, कुठल्याच कुळाचं नसलेलं.
यादीत घालू नका म्हणाली.

रकान्यात अकरा अक्षरांची जागा उरली होती.
हिरवा दिवा लुकलुकत होता.
मी बोटावरचा चुना सदऱ्याला पुसला
आणि जागा तशीच ठेवली.